पन्नास वॉटचा परतावा

सकाळी ६.१०

चहाचं आधण ठेवते आणि मोबाइलवर रात्रभर चाललेल्या ज्वलनाच्या गणिताची, म्हणजे रनची, लॉग फाइल उघडते. नवऱ्याचं म्हणणं, लोक उठल्यावर तळहात बघतात, ही रेसिड्युअल बघते. रन जिवंत आहे. पण टाइम स्टेप रात्रीतून आकसत आकसत मायक्रोसेकंदाच्याही खाली गेली आहे. सॉल्व्हर अशी पावलं आखडायला लागला की समजायचं, तीसेक लाख सेलपैकी कुठल्या तरी मूठभर सेलमध्ये काहीतरी फार वेगानं घडतंय. आमच्या कामात ते बहुधा एकच असतं. डिझेल मुरवणाऱ्या मॅटचा एखादा कोपरा कोरडा पडलेला असतो.

आलं जास्त पडलं चहात. चालेल.

सकाळी ८.१५

वाकडजवळ मुंबई-बंगळूर महामार्गावर गाडी सरकत नाही. दोन्ही बाजूंना ट्रक. मी रोज संगणकात पेटवते ते यंत्र यांतल्या एकाही ट्रकमध्ये नसणार, आणि नसलं तरी बिघडत नाही, इथल्या चालकाला रात्री पंखा लागतो. युरोपात हिवाळ्यात चालक महामार्गाकडेच्या वाहनतळावर केबिनमध्येच झोपतो. बाहेर शून्याखाली. उबेसाठी इंजिन चालू ठेवायचं तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल उभ्या उभ्या जातं. म्हणून तिथं केबिनमध्ये वेगळा डिझेल हीटर बसवतात. साधारण २ किलोवॉटचा. पूर्ण ताकदीवर तो तासाला सुमारे ०.२८ लिटर पितो, मंद केला की ०.१०.

एवढ्याशा इंधनाचा फवारा नीट करणं अवघड असतं. त्यासाठी उच्च दाबाचा पंप आणि केसासारख्या भोकाचं नोझल लागेल, ते तुंबणार, महाग पडणार. त्यामुळे या हीटरमध्ये फवाराच नाही. एक छोटा पंप टक् टक् करत डिझेलचे थेंब सोडतो. ते थेंब धातूच्या बारीक तंतूंच्या दाबून केलेल्या गोल तुकड्यात, म्हणजे मॅटमध्ये, मागच्या बाजूनं शिरतात. ग्लो पिन सुरुवातीची उष्णता देते, डिझेलची वाफ होते, ती मॅटच्या पुढच्या तोंडानं बाहेर पडते, हवेत मिसळते, पेटते. मग ग्लो पिन बंद. इथून पुढे ज्वाळेनं आपल्या इंधनाची वाफ आपणच करायची.

आमचं ऑफिस पुण्यात, गिऱ्हाईक जर्मनीत, आणि हे असलं काम बहुतेक असंच विभागलेलं असतं. पुण्यात ज्वलनाची आणि प्रवाहाची गणितं करणारे इतके लोक आहेत की वाकडच्या या कोंडीत माझ्या आजूबाजूच्या गाड्यांमध्येही दोन-चार सापडतील.

सकाळी ९.२०

ऑफिसच्या भिंतीवर ज्वाळेची मोठी रंगीत चित्रं आहेत. लाल, केशरी, मध्ये पांढरट पिवळं. येणारा प्रत्येक पाहुणा तिथं थांबतो. मॅटचं चित्र कुणी लावत नाही, कारण ते कंटाळवाणं दिसतं. एक करडी चकती, तिच्यात निळसर छटा, म्हणजे किती छिद्रांत किती द्रव आहे त्याचा नकाशा. हे यंत्र नीट चालणार की कोंडून मरणार, हे मात्र त्या करड्या चकतीत ठरतं. ज्वाळेत ठरत नाही.

हे म्हणणं नुसतं हट्टाचं नाही, साधा हिशेब आहे. एक किलो डिझेल जाळलं की साडेबेचाळीस मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. तेच एक किलो खोलीच्या तापमानापासून अडीचशे अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या मेगाज्यूलहून थोडी जास्त लागते, आणि वर अप्रकट उष्मा साधारण पाव मेगाज्यूल. एकूण पाऊण-एक. म्हणजे मिळालेल्या उष्णतेपैकी दोन टक्क्यांहूनही कमी भाग मागे मॅटकडे परत यायला हवा. पूर्ण ताकदीवर हीटर पावणेतीन किलोवॉटचं इंधन घेतो. त्यातले मॅटला लागतात सुमारे ५० वॉट. मंद आचेवर लागतात १८.

पन्नास वॉट परत आले नाहीत तर ज्वाळा उपाशी. शंभर परत आले तर मॅट कोरडी पडते, तापते, आणि तंतू जळायला लागतात. पावणेतीन हजार पुढे जातात, त्यांची चिंता नाही. त्या परतणाऱ्या पन्नासांवर मी महिने घालवते.

आता हे पन्नास येतात कसे? थोडे धातूच्या भांड्यातून वहनानं, थोडे ज्वाळेच्या आणि तापलेल्या भिंतींच्या प्रारणानं. प्रारणाचा कमाल आकडा काढणं सोपं आहे. १२०० केल्विनचा पूर्ण काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे ११८ किलोवॉट फेकतो. मॅटचं तोंड वीस चौरस सेंटिमीटर धरलं, तर तिच्यावर जास्तीत जास्त २३५ वॉट पडतील. हवे आहेत पन्नास. या दोन आकड्यांच्या मधली सगळी जागा अनिश्चिततेची आहे. ज्वाळा किती पारदर्शक, भिंत किती तापली, मॅटचा पृष्ठभाग किती शोषतो. नवी चकचकीत मॅट प्रारणाचा बराच भाग परतवते, काजळी बसलेली मॅट जवळजवळ सगळा गिळते. म्हणजे जुनी झाल्यावर मॅटचा स्वभावच बदलतो. स्पेसिफिकेशनमध्ये मात्र तिच्या शोषण्याचा एकच आकडा लिहायचा असतो.

उष्णता अशी मागे वळवून ताज्या इंधनाला देण्याची कल्पना फेलिक्स वाइनबर्ग या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या शास्त्रज्ञानं १९७१ साली स्पष्ट मांडली. जळून गेलेल्या वायूंची उष्णता येणाऱ्या मिश्रणाला दिली, तर एरवी पेटणार नाही इतकं विरळ मिश्रणही जळतं. सच्छिद्र सिरॅमिकमधले बर्नर पुढं याच वाटेनं आले. त्यांच्यात आग छिद्रांच्या आत राहते. आमच्या मॅटमध्ये ती आत जाऊच शकत नाही. साध्या दाबाला हायड्रोकार्बनची ज्वाळा दोनेक मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीत विझते, कारण धातू तिची उष्णता ओढून घेतो. हंफ्री डेव्हीनं १८१५ मध्ये कोळसा खाणीतल्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली ती याच जोरावर. आमच्या मॅटची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. तेव्हा मॅटमध्ये फक्त बाष्पीभवन, आणि मॅटच्या बाहेर ज्वलन. कामाची फाळणी स्वच्छ आहे. निदान कागदावर.

सकाळी १०.१५

सॉल्व्हर ओपनफोमवर बांधलेला आहे. २००४ पासून ओपनफोम सगळ्यांना मोकळा आहे, आणि फुकट म्हणून नव्हे, तर उघडून आत हात घालता येतो म्हणून आम्ही तो घेतला. सच्छिद्र भागाची तयार सोय त्यात आहे, पण ती फक्त अडथळा ओळखते. दाब किती पडेल एवढंच ती सांगते. हे सूत्र आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याचं, १८५६ च्या, दिजोँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टातलं. वाळूच्या थरातून पाणी गाळताना मोजलेलं. वेग वाढला की त्यात फोर्खायमरची, वेगाच्या वर्गातली भर घालायची. आमच्या मॅटची पारगम्यता दहाच्या उणे दहाव्या घाताच्या घरात, चौरस मीटरमध्ये. प्रोग्रामला तिचा व्यस्त आकडा हवा असतो, त्यामुळे फाइलमध्ये अडीचशे कोटींच्या घरातली संख्या टाइप करावी लागते. नवीन माणूस ती पाहून हमखास दचकतो.

छिद्रांत द्रव किती, वाफ किती, केशाकर्षण द्रवाला कुठं ओढतंय, हे त्या तयार सोयीला काहीच माहीत नाही. तो भाग आम्ही स्वतः लिहिला. केशाकर्षणाबद्दल माझं मत चांगलं आहे, ते विश्वासाचं आहे. पन्नास मायक्रोमीटर त्रिज्येच्या छिद्रात डिझेल तेरा सेंटिमीटर वर चढू शकतं, आणि आमची मॅट पाच सेंटिमीटरची. गुरुत्वाकर्षण इथं जिंकत नाही. हीटर आडवा बसवा, तिरपा बसवा, थंड मॅट सगळीकडे सारखी भिजते. भानगड सुरू होते ती मॅट तापल्यावर.

आणखी एक निर्णय आम्ही सुरुवातीलाच घेतला. तंतू, द्रव आणि वाफ यांचं तापमान एकच धरायचं. पाठ्यपुस्तकं इथं बोट वर करतात, कारण मोठ्या छिद्रांच्या सिरॅमिक बर्नरमध्ये घन आणि वायू यांच्यात शेकडो अंशांचा फरक असतो, आणि तो न धरणं म्हणजे फसवणूक. पण चाळीस मायक्रोमीटरच्या तंतूंनी गच्च भरलेल्या तीन मिलिमीटर जाडीच्या मॅटमध्ये तंतूंचा एकूण पृष्ठभाग नऊशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो, तोंडाच्या वीस चौरस सेंटिमीटरसमोर. एवढी भेटायची जागा असल्यावर फरक टिकायला वेळच मिळत नाही. एक समीकरण वाचलं. समीकरण वाचलं की रात्र वाचते.

सकाळी ११.००

शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा खुर्ची सरकवत आला. लातूरचा आहे, एम.टेक. झालाय, आणि अजून मला ‘मॅम’ म्हणताना उभा राहतो.

“मॅम, जुळलं!”

मंद आचेची केस. मॅटच्या मध्यावरचं तापमान चाचणीत २९० अंशांच्या आसपास, त्याच्या रनमध्ये २८६. दोन रेषा एकमेकींवर झोपलेल्या. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी आधी ‘छान’ म्हणाले, मग विचारलं, “मॅटमध्ये द्रव किती राहिलाय?”

“मध्यभागी शून्य. कोरडी आहे. म्हणूनच तापली ना.”

तर्क बिनचूक होता. त्यानं डिझेलऐवजी एकच पदार्थ घेतला होता, डोडेकेन. तो २१६ अंशांना उकळतो. मॅटमध्ये डोडेकेनचा थेंब आहे तोवर तापमान २१६ च्या वर जायचं नाही. ज्या अर्थी २९० मोजलंय, त्या अर्थी मॅट कोरडी. चाचणी आणि गणित हातात हात घालून तेच सांगताहेत.

मला बोचत होतं ते वजन. मंद आचेवर बराच वेळ चालवलेली मॅट जड होते, आणि कोरडी मॅट जड व्हायला काही कारण नाही. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, “कोक जमला असेल.” असेलही. पण कोक कशाचा जमतो? द्रवाचा. द्रव नाही तर कोक कुठून आला?

गणिताच्या धंद्यात न जुळलेल्या आलेखाची फारशी भीती नसते, माणूस तो तपासतो. जुळलेला आलेख कुणी तपासत नाही.

त्याला म्हटलं, जेवणानंतर माझ्याबरोबर भोसरीला चल.

दुपारी १२.३०

नोव्हेंबरात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आत्ता तिथं आठ वाजले, आणि मेल यायला लागल्या. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी हव्यात. मंद आचेवर मॅट का तुंबते याचं उत्तर, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीसाठी ज्वाळेचं अॅनिमेशन. दुसरी गोष्ट आज संध्याकाळपर्यंत.

अॅनिमेशन आमच्या टीममधल्या मुलीला लावून दिलं. ती रंग छान निवडते.

दुपारी १२.५०

डबा. मेथीची भाजी, भाकरी, आणि कुणाच्या तरी घरची दिवाळीची उरलेली चकली. जेवताना कामाचं बोलायचं नाही असा आमच्या टेबलाचा नियम आहे, तो आज पाच मिनिटं टिकला.

दुपारी २.१०, भोसरी

एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमची छोटी चाचणीची जागा आहे. एक्झॉस्टचा नळ छतातून बाहेर काढलेला, पत्र्यावर काळा डाग. इथं जे बघतात त्यांना सगळे काकाच म्हणतात. आयुष्यभर इंजिनांच्या टेस्ट बेडवर काम केलेला माणूस. डिग्री नाही, पण ज्वाळेचा नुसता आवाज ऐकून हवा कमी आहे की जास्त ते सांगतात, आणि ते गॅस अॅनालायझरशी सहसा जुळतं.

हीटर मंद आचेवर चालू होता. पंपाची टक् टक् इतकी संथ की दोन थेंबांच्या मध्ये वाक्य पुरं होतं. मॅटमध्ये मागच्या बाजूनं के-टाइप थर्मोकपल खोवलेले, अर्ध्या मिलिमीटर जाडीचे. पुढून लावता येत नाहीत. ज्वाळेकडे तोंड करून ठेवलेला थर्मोकपल ज्वाळेचंही खरं सांगत नाही आणि मॅटचंही, तो आपल्याच प्रारणाचा हिशेब सांगतो. मागून घातलेला त्यातल्या त्यात प्रामाणिक. पडद्यावर २८८, २९१, २८९.

“काका, बंद करून मॅट लगेच काढता येईल? गार व्हायची वाट न बघता?”

“येईल की. हात तुमचा नाही ना भाजणार.”

हीटर बंद केला की तो सुरक्षिततेसाठी पंखा चालू ठेवतो आणि उरलेलं इंधन जाळून टाकतो. एरवी चाचणीनंतर मॅट काढतात ती त्यानंतर, आणि तेव्हा ती कोरडीच असते. आज काकांनी पंप आणि पंखा एकदमच तोडले, बाहेरून नायट्रोजन सोडून ज्वाळा मारली, आणि जाड हातमोजे घालून मॅट चिमट्यानं बाहेर काढली. मध्ये करवतीनं छेद दिला.

आतलं दृश्य करडं नव्हतं. मध्यभागी दाट, तपकिरी, चिकट काहीतरी, तंतूंच्या मध्ये अडकलेलं. काकांनी पेपर टॉवेल दाबला, त्यावर डाग उमटला.

“तुमचा कॉम्प्युटर काय म्हणतो, मॅडम?”

“कोरडी म्हणतो.”

“मग हे काय आहे?”

मुलगा डागाकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला कळत होतं. २९० अंश आणि ओलं, दोन्ही एकदम, हे त्याच्या डोडेकेनच्या जगात बसत नव्हतं.

मॅट तराजूवर ठेवत काका म्हणाले, “आमच्या चाळीत रॉकेलचा वातीचा स्टोव्ह होता. आई भात झाल्यावर तो बारीक करून ठेवायची, वर पाण्याचं पातेलं. रॉकेल वाचतं म्हणून. महिन्याभरात वाती दगडासारख्या. मग कातरीनं शेंडे कापायचे. शेजारची बाई मोठ्या आचेवर वापरायची, तिच्या वाती वर्षभर मऊ.”

मुलाला म्हटलं, हे लिहून घे. हा सगळा प्रश्न एवढाच आहे.

दुपारी ३.४०, परतीच्या वाटेवर

गाडीत त्याला समजावत आले. नाशिक फाट्याचा सिग्नल अशा गोष्टींसाठी पुरेसा लांब आहे.

डिझेल हा एक पदार्थ नव्हे. त्याचं उकळणं १८० अंशांच्या आसपास सुरू होतं, आणि युरोपच्या मानकानुसार ९५ टक्के भाग ३६० अंशांपर्यंत निघून गेला पाहिजे. आता मॅट एका स्थितीत स्थिर चाललीय असं समज. जेवढं डिझेल आत येतं तेवढंच वाफ होऊन बाहेर जायला हवं, नाहीतर मॅट भरून वाहील. नुसतं एकूण वजन जुळून भागत नाही. प्रत्येक घटक ज्या प्रमाणात आत येतो त्याच प्रमाणात बाहेर गेला पाहिजे. हलके घटक लगेच पळतात. जड घटक रेंगाळतात. पण त्यांनाही शेवटी तेवढ्याच वेगानं निघायचंय, आणि ते कसं जमणार? मॅटमधल्या द्रवात त्यांचं प्रमाण इतकं वाढलं पाहिजे, आणि तापमान इतकं चढलं पाहिजे, की त्यांचीही वाफ पुरेशी होईल. तोवर ते साठत राहतात.

म्हणजे बाहेर पडणारी वाफ डिझेलचीच, पण मॅटमध्ये बसलेला द्रव डिझेल नव्हे. तो डिझेलचा गाळ आहे, जवळजवळ फक्त शेपटाकडचा भाग. त्याचं तापमान डिझेल उकळायला लागतं तिथं नसतं, डिझेलची वाफ जिथं पुन्हा थेंब धरू लागते त्या दवबिंदूजवळ असतं. त्यामुळे २९० अंशांना मॅट सहज ओली असू शकते. हेक्झाडेकेन २८७ अंशांना उकळतो. जर्मनीतल्या नेहमीच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत जैवडिझेल चालतं, त्याचे एस्टर तर सव्वातीनशेच्याही वर.

“आणि जे कधीच उकळत नाहीत ते, मॅम?”

“ते तासन् तास तीनशे अंशांच्या भट्टीत बसतात, ऑक्सिजन जेमतेम. तुटतात, एकमेकांना चिकटतात, आधी डिंक होतात, मग कोक. काकांच्या आईच्या वाती.”

मोठ्या आचेवर परतणारी उष्णता जास्त, मॅट जास्त तापते, गाळही निघून जातो. मंद आचेवर १८ वॉट परतायला हवेत, आणि तेवढे परतलेही तरी ज्वाळा छोटी, भिंती थंड, त्यामुळे मॅटच्या कडा मध्यापेक्षा गार राहतात. गाळ तिथं पहिला थांबतो. ही कडेची रेषा त्याच्या रनमध्ये दिसायलाच हवी होती, पण एकच पदार्थ घेतल्यावर ती दिसणार कशी?

संध्याकाळी ४.२५

इंधन बदललं. एकाऐवजी तीन घटक, डेकेन, डोडेकेन, हेक्झाडेकेन. प्रमाण असं निवडायचं की त्यांच्या मिश्रणाचा उकळण्याचा आलेख खऱ्या डिझेलच्या आलेखाशी मधल्या भागात तरी जुळावा. चौथा जड घटक हवा होता. मुलानं सुचवला, बरोबर सुचवला. पण प्रत्येक नव्या घटकामागे मॅटमध्ये एक नवं समीकरण आणि ज्वाळेत रसायनशास्त्राची नवी डोकेदुखी येते. आज तीन.

ज्वाळेच्या बाजूला आम्ही कबुली देऊन ढिसाळ आहोत. हेप्टेनसारख्या साध्या इंधनासाठी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यंत्रणेत साडेपाचशेहून अधिक रासायनिक घटक आणि अडीच हजारांवर अभिक्रिया आहेत. ती पूर्ण घेतली तर आमचा भाड्याचा सर्व्हर दिवाळखोरीत काढावा लागेल. आम्ही छाटलेली छोटी यंत्रणा घेतो. त्यामुळे काजळीच्या आकड्यावर मी सही करत नाही. परतणाऱ्या उष्णतेच्या आकड्यावर करते, कारण तिला प्रत्येक अभिक्रियेचं नाव ठाऊक असण्याची गरज नसते. तिला ज्वाळा कुठं उभी आहे आणि किती गरम आहे एवढंच हवं.

वेळेचीही अडचण आहे. ज्वाळेतल्या अभिक्रिया मायक्रोसेकंदात संपतात, मॅट तापायला मिनिटं लागतात. दोन्ही एकाच घड्याळावर चालवले तर एक हीटर सुरू होण्याचं गणित पुरं व्हायला मी निवृत्त होईन. म्हणून दोघांचं घर वेगळं. मॅट आपल्या चालीनं चालते, ज्वाळा आपल्या. मध्ये एक सीमा, तिच्यावरून ज्वाळेकडून मॅटकडे उष्णता जाते, मॅटकडून ज्वाळेकडे वाफेचं वजन, तापमान आणि आता तिची रचनाही. रात्रीची केस जिथं अडखळली ती जागा ही सीमाच होती. कोरड्या कोपऱ्यात वाफ अचानक शून्य होत होती, ज्वाळा तिथून उचलली जात होती, उष्णता घटत होती, कोपरा पुन्हा ओला होत होता. तीन घटक घातल्यावर हा लपंडाव कमी झाला, कारण आता कोपरा एकदम कोरडा पडत नाही. तो हळूहळू जड होतो.

मुलानं केस लावली. मॅटपुरती, मंद आच, भरभर चालणारी. तासाभरात पहिला नकाशा आला. मध्य ओला, कडेला जड घटकांचं कंकण. टॉवेलवरचा डाग आठवला मला.

संध्याकाळी ६.००

कॉल. तिकडे दुपारचे दीड. तिकडचा प्रमुख विनम्र आणि घाईत आहे. त्याला पहिल्यांदा अॅनिमेशन हवं. दाखवलं. ज्वाळा खरोखर सुंदर दिसते, मुलीनं पार्श्वभूमी काळी ठेवलीय. तिकडे कुणीतरी ‘वुंडरबार’ म्हणालं.

मग मॅटचा नकाशा दाखवला आणि म्हटलं, मंद आचेवर सतत चालवू नका. ठरावीक वेळानं काही मिनिटं पूर्ण ताकदीवर न्या, गाळ निघून जाईल. किती वेळानं आणि किती मिनिटं, तो आकडा तीन घटकांच्या रनमधून येईल. अनुभवी चालक हे आधीच करतात. कुणीच न सांगता, केवळ हीटर धूर ओकायला लागतो म्हणून.

त्यांनी उंचीचं विचारलं. घाटात हवा विरळ, पंप मात्र तेवढेच थेंब सोडतो. हवा कमी पडली की ज्वाळा लांबते, काजळी धरते. पुन्हा दाब कमी म्हणून उत्कलनबिंदूही खाली येतात. आल्प्समधल्या ट्रकच्या वाटांवर हे निभतं. पण लेहला, ३५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असतो. डोडेकेन तिथं सुमारे वीस अंश आधी उकळेल. मॅटला बरं, ज्वाळेला वाईट. हे उदाहरण मी दिलं आणि तिकडे शांतता पसरली. त्यांना लेह कुठं आहे ते माहीत नव्हतं. नकाशा दाखवायला वेळ नव्हता.

रात्री ७.४५

अहवाल. आमचे सर म्हणाले, पहिल्या पानावर ज्वाळा ठेवू, गिऱ्हाइकाला आवडलीय. मी म्हटलं, प्रश्न मॅटचा विचारलाय आणि उत्तरही मॅटचं आहे. ते म्हणाले, उत्तर आहेच की, आत आहे. वाद घातला नाही. घरी जायचं होतं. ज्वाळा पहिल्या पानावर, मॅटचा नकाशा आणि तिच्यातल्या जड घटकांचा आलेख पान ११ वर.

रात्री ८.३०

बाहेर पडताना एक मेल आली, तिकडच्या चाचणी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची. कॉलमध्ये तो एकदाही बोलला नव्हता. त्याला पान ११ चे आकडे एक्सेलमध्ये हवे आहेत, कडेपासून दर मिलिमीटरला एक. आणि आम्ही मॅट गरम असतानाच नेमकी कशी काढली, चिमटा कोणता वापरला, तेही लिहून पाठवा म्हणतो. चिमट्याचं काकांना विचारावं लागेल.